रिग्जने बरं व्हायचं नाही

तर मंडळी, गेले तीन विकांत मी एकच उद्योग केला. ‘लीथल वेपन’ पुन्हा बघितला. आधी 1987 चा सिनेमा, मग त्याचे पुढचे तीन भाग, आणि मग 2016 साली त्यावरून निघालेली मालिका. मालिकेचे तीन सीझन, 55 भाग. (बायकोने दुसऱ्या विकांताला विचारलं, "हे अजून संपलं नाही?" तिसऱ्या विकांताला तिने विचारणंच सोडून दिलं.)

ही मालिका पहिल्यांदा बघितली तेव्हा मला मनापासून आवडली होती. ती ज्या तऱ्हेने कोसळली त्याचं वाईटही वाटलं होतं. तेव्हा सगळ्यांसारखं मीही म्हणून मोकळा झालो होतो की दोन नटांचं पटलं नाही, संपली मालिका. आता सगळं सलग बघितल्यावर वाटतंय, भांडण हे निमित्त झालं. चीर पायातच होती. मूळ सिनेमाच असा बांधलाय की त्याची मालिका करायची म्हणजे त्याच्याविरुद्धच जावं लागतं. ते कसं, हे आज जरा सविस्तर लिहितोय. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

हा सिनेमा मला दाखवला काकांनी. काका म्हणजे सख्खे काका नव्हेत. 2003 साली पहिल्या नोकरीत मला ज्यांच्या शेजारी बसवलं ते. वय सेहेचाळीस, म्हणजे आमच्या हापिसात ते भीष्माचार्यच. एका जुनाट बिलिंग सिस्टिमचा नाईट सपोर्ट आम्ही दोघं बघायचो. मी नवा, उतावळा, थेट प्रॉडक्शनवर हात घालणारा. ते सावध, डबा वेळेवर खाणारे, प्रत्येक कमांड दोनदा वाचणारे. एका रात्री मी जे काही करून ठेवलं (ते इथे सांगत नाही, इभ्रतीचा प्रश्न आहे) ते निस्तरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी एक घासलेली व्हीसीडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ. यात तू आहेस आणि मीपण आहे."

व्हीसीडी अर्थातच ‘लीथल वेपन’ची.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉस एंजेलिस, नाताळचे दिवस. रॉजर मर्टॉ (डॅनी ग्लोव्हर) हा पोलीस खात्यातला मुरलेला डिटेक्टिव्ह. नुकतीच पन्नाशी गाठलेली, भरलं घर, समजूतदार बायको, तीन मुलं. त्याच्या गळ्यात मार्टिन रिग्ज (मेल गिब्सन) हा नवा जोडीदार मारला जातो. रिग्जची बायको अपघातात गेलीये. तो समुद्रकाठी एका ट्रेलरमध्ये कुत्र्याबरोबर राहतो, आणि त्याला जगायची इच्छा उरलेली नाही. खात्यातल्या लोकांना प्रश्न पडलाय की हा खरंच वेडा आहे की पेन्शनसाठी वेडाचं सोंग करतोय. मर्टॉलाही आधी तेच वाटतं. सोंग नाहीये हे जेव्हा त्याच्या लक्षात येतं, तिथे खरा सिनेमा सुरू होतो.

हा लिहिला शेन ब्लॅक नावाच्या विशीतल्या पोराने, यूसीएलएमधून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते तेव्हा. पटकथा अडीच लाख डॉलर्सना विकली गेली. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, निर्माता जोएल सिल्व्हर, स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्स. मर्टॉ काळा असेल असं पटकथेत कुठेच नव्हतं. डॅनी ग्लोव्हरचं नाव सुचवलं ते कास्टिंग बघणाऱ्या मॅरियन डॉहर्टी यांनी. गंमत म्हणजे पन्नाशीतला मर्टॉ करणारा ग्लोव्हर तेव्हा खरा चाळिशीत होता. "या भानगडींसाठी माझं वय झालंय" हे त्याचं पालुपद पुढे इतकं गाजलं की तो खरा म्हातारा झाल्यावरही लोक त्याला तेच ऐकवत राहिले. सुमारे दीड कोटी डॉलर्समध्ये झालेल्या सिनेमाने जगभर 12 कोटींचा धंदा केला.

पण काकांनी मला जे बघायला सांगितलं होतं ते गोळीबारात नव्हतंच. सुरुवातीला एक प्रसंग आहे. रात्री रिग्ज ट्रेलरमध्ये एकटा, समोर टीव्ही चालू, हातात लग्नाचा फोटो आणि पिस्तूल. त्यात त्याने खास स्वतःसाठी ठेवलेली एक गोळी. तो पिस्तूल तोंडात धरतो, आणि त्याच्याने होत नाही. शेवटी नाताळच्या रात्री तो मर्टॉच्या दाराशी येतो आणि रिबीन बांधलेली तीच गोळी त्याच्या मुलीच्या हातात देतो. बाबांना दे म्हणतो, आता मला लागणार नाही. आणि परत जायला निघतो. मर्टॉ त्याला हाक मारून जेवायला घरात घेतो.

संपलं. एका गोळीचा प्रवास, पिस्तुलातून रिबिनीपर्यंत. मधले हेरॉइनचे व्यापारी, व्हिएतनाममधली जुनी पापं, मारामाऱ्या, सगळं मसाल्यापुरतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा बॅच जॉब आहे. एक इनपुट घेतो, एक आउटपुट देतो आणि थांबतो. तो थांबतो म्हणून चांगला आहे.

आता थोडं मागे जाऊ. दोन न जुळणाऱ्या पोलिसांची जोडी ही काही ब्लॅकची कल्पना नव्हे. कुरोसावाच्या 1949 च्या ‘स्ट्रे डॉग’मध्ये पिस्तूल हरवलेला तरुण तोशिरो मिफुने आणि त्याला सांभाळून घेणारा ताकाशी शिमुरा आहेतच. 1967 साली ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये सिडनी पॉइटियरचा उत्तरेकडचा काळा डिटेक्टिव्ह आणि रॉड स्टायगरचा दक्षिणेतला गोरा पोलीसप्रमुख एका खुनामागे लागले. त्या सिनेमाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळवली. 1974 मध्ये जेम्स कान आणि अ‍ॅलन आर्किनचा ‘फ्रीबी अँड द बीन’ आला. 1982 मध्ये वॉल्टर हिलने ‘48 अवर्स’मध्ये निक नोल्टीचा पोलीस आणि एडी मर्फीचा कैदी एकत्र बांधले. 1987 पर्यंत साचा तयार होता. ब्लॅकने त्यात फक्त एक गोष्ट घातली: दोघांतला एक जण मरायला टेकलाय, आणि दुसऱ्याला ते कळलंय. त्यामुळे एरवी नुसती चेष्टामस्करी झाली असती तिला वजन आलं.

मग प्रश्न असा की सिनेमा चालल्यावर दुसरा भाग काढायचा कसा? रिग्ज तर बरा झाला! यावर ब्लॅकचं उत्तर सरळ होतं. दुसऱ्या भागाच्या त्याच्या पटकथेत रिग्ज मरतो. स्टुडिओला अर्थातच ते नको होतं. कोंबडी सोन्याची अंडी द्यायला लागली होती. ब्लॅक बाजूला झाला, पटकथा जेफ्री बोम यांनी लिहिली, आणि 1989 च्या सिनेमात रिग्ज गोळ्या खाऊनही वाचला. त्यात एक युक्तीही केली होती: बायकोचा अपघात हा अपघात नव्हताच, घातपात होता, असं निघालं. म्हणजे बरी होत आलेली जखम पुन्हा उकरली. पण अशी युक्ती एकदाच चालते. 1992 आणि 1998 च्या भागांत रिग्ज हसतखेळत वावरतो, प्रेमात पडतो, बाप होतो. सिनेमे मजेदार आहेत, पण विनोदी झाले. गोळी परत केल्यावर दुसरं होणार तरी काय?

चारही सिनेमे मिळून पावणेआठ-आठ तास भरतात, तेही अकरा वर्षांत. हा आकडा लक्षात ठेवा.

21 सप्टेंबर 2016 ला फॉक्स वाहिनीवर मालिका सुरू झाली. मॅट मिलरने ती घडवली, पहिला भाग मॅकजीने दिग्दर्शित केला. मर्टॉ झाला डेमन वेयन्स, ज्याला अमेरिका नव्वदच्या दशकापासून विनोदी नट म्हणून ओळखते. रिग्ज झाला क्लेन क्रॉफर्ड, बऱ्याच प्रेक्षकांना तोवर फारसा माहीत नसलेला. पहिला भाग सुमारे 80 लाख लोकांनी बघितला. आधी 13 भागांची ऑर्डर होती, ती वाढवून 18 केली.

त्याच वर्षी, सहा महिने आधी, सीबीएसवर ‘रश अवर’चीही मालिका आली होती. तिचा 13 भागांतच निकाल लागला. त्याहून जुनं उदाहरण म्हणजे ‘फ्रीबी अँड द बीन’. 1980 च्या डिसेंबरात त्याची मालिका आली आणि 9 भागांत बंद पडली. या दोन्हींत जोडीची बडबड उचलली होती, आणि बडबड दर आठवड्याला ऐकवत नाही. ‘लीथल वेपन’च्या लेखकांना मात्र नेमकं काय उचलायचं ते कळलं होतं. त्यांनी जखम उचलली.

आणि काय नीट उचलली! व्हिएतनाम 2016 मध्ये शक्य नव्हतं, म्हणून रिग्ज माजी नेव्ही सील आणि टेक्ससचा पोलीस झाला. बायको गरोदर असताना, प्रसूतीसाठी निघालेली असताना गेली. समुद्रकाठचा ट्रेलर तसाच. मर्टॉची पन्नाशी पुरेशी वाटली नाही म्हणून त्याला हार्ट अटॅक देऊन नुकताच कामावर परत आणला, घरात तान्हं बाळ दिलं. मूळ सिनेमात चूल सांभाळणारी बायको ट्रिश इथे नावाजलेली वकील झाली. म्हणजे एकाला मरायचंय आणि एकाला काही करून जगायचंय. पहिले अठरा भाग बघताना मला खरंच वाटलं की हे मूळ सिनेमापेक्षा खोल चाललंय. क्रॉफर्डचा रिग्ज गिब्सनपेक्षा शांत आहे. तो दारू पितो, विनोद करतो, आणि मधेच कुठेतरी त्याचे डोळे रिकामे होतात. पोलीस खात्याची मानसोपचारतज्ज्ञ डॉ. केहिल (जॉर्डाना ब्रूस्टर) त्याला बोलतं करायचा प्रयत्न करते, आणि तो विषय बदलतो.

पण इथेच मेख आहे. पहिल्या सीझनचे 18 भाग म्हणजे जाहिराती वगळून साधारण 13 तास. दुसऱ्या सीझनचे 22, म्हणजे आणखी 16 तास. चार सिनेमांच्या दुप्पट, एका वर्षात! या इतक्या तासांत रिग्ज बरा झाला तर मालिका संपते, आणि बरा झाला नाही तर प्रेक्षक कंटाळतो. मग करायचं काय? थोडा बरा करायचा, की पुन्हा पाडायचा. बायकोच्या अपघातामागे घातपात निघतो (सिनेमाच्या दुसऱ्या भागातली तीच युक्ती). तो सूड पूर्ण होतो, तर मग लहानपणीचा मारकुटा बाप तुरुंगातून वर येतो. बाप संपला तर सावत्र भाऊ निघतो. दुसरा सीझन सलग बघताना मला अक्षरशः थकायला झालं. गोळी रिबिनीत बांधायची आणि दर बुधवारी (पुढे मंगळवारी) रिबीन सोडायची.

बॅच जॉबला चोवीस तास चालणारी सर्व्हिस करायला घेतली की हे असं होतं. जो प्रोग्रॅम थांबण्यासाठी लिहिलाय, त्याला थांबायची बंदी.

आणि या सर्व्हिसला बॅकअप नव्हता. पोलीस मालिकेचा भार बहुतेक वेळा ठाण्यावर, शहरावर, दर भागातल्या नव्या गुन्ह्यावर असतो. इथे सगळा भार दोन माणसांवर. दोघंही जवळजवळ प्रत्येक प्रसंगात, शिवाय प्रत्येक भागात पाठलाग आणि स्फोट. एप्रिल 2018 मध्ये क्रॉफर्डच्या सेटवरच्या वागण्याच्या बातम्या बाहेर आल्या. दोनदा ताकीद मिळाल्याचं त्याने स्वतः जाहीर कबूल केलं: एकदा सेटवरच्या कामाच्या परिस्थितीवरून रागावल्याबद्दल, आणि एकदा तो दिग्दर्शित करत असलेल्या भागात स्फोटातला तुकडा एका नटाला लागला त्याबद्दल. दोघा नटांनी आपापली बाजू जगासमोर मांडली. कोण किती चुकलं याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. 8 मे 2018 ला सीझनचा शेवटचा भाग लागला. त्यात बायकोच्या थडग्यापाशी उभ्या असलेल्या रिग्जला त्याचा सावत्र भाऊ गोळी घालतो. आणि त्याच आठवड्यात बातमी आली, क्रॉफर्ड बाहेर, तिसऱ्या सीझनमध्ये शॉन विल्यम स्कॉट.

म्हणजे बघा, रिग्ज शेवटी मेलाच. ब्लॅकला 1989 मध्ये कथेसाठी जे करायचं होतं ते मालिकेने तीसेक वर्षांनी केलं, पण नोकरभरतीच्या कारणासाठी. त्या मरणाचा कथेशी काडीचा संबंध नव्हता, आणि बघताना ते जाणवतं.

स्कॉटचा वेस्ली कोल हा माजी सीआयए माणूस. मुलीसाठी घरी परतलेला, सभ्य, हसरा. स्कॉटने काम वाईट केलंय असं नाही. पण त्याच्याकडे ती गोळी नव्हती. मर्टॉने वाचवावं असं त्याच्यात काही नव्हतं, त्यामुळे मर्टॉलाही काम उरलं नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये वेयन्सने एका मुलाखतीत जाहीर केलं की आपण मालिका सोडतोय. कारण सांगितलं ते असं: वय 58, मधुमेह, आणि रोज 16 तास काम. आपण हे चालू ठेवू शकत नाही. त्यानंतर सीझनला आणखी दोन भाग जोडले गेले, तेवढे त्याने करून दिले. 26 फेब्रुवारी 2019 ला शेवटचा भाग लागला, मे महिन्यात वाहिनीने मालिका बंद केल्याचं सांगितलं.

"या भानगडींसाठी माझं वय झालंय." सिनेमात टाळ्या घेणारं वाक्य एक माणूस खरंच म्हणाला, आणि त्यात विनोद नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग जोडीच्या सिनेमाची मालिका होतच नाही का? होते. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ची झाली. 1988 मध्ये सुरू होऊन ती 1995 पर्यंत चालली. तिच्यावरही कमी संकटं आली नाहीत. पोलीसप्रमुखाचं काम करणाऱ्या कॅरल ओ’कॉनरची 1989 मध्ये बायपास झाली. जोडीदार हॉवर्ड रॉलिन्स व्यसनापायी पुन्हा पुन्हा अडचणीत आला, शेवटी त्याला जावं लागलं, आणि त्याच्या पाठोपाठ कार्ल वेदर्सला आणलं. म्हणजे जोडी तुटली, माणूस बदलला, हुबेहूब तोच प्रसंग. तरी मालिका उभी राहिली. कारण ती जोडीवर उभीच नव्हती. ती स्पार्टा नावाच्या एका गावावर उभी होती. दक्षिणेतलं छोटं गाव, त्यातली रंगभेदाची जुनी खुन्नस, ठाण्यातले पाच-सहा पोलीस, त्यांची घरं. मूळ सिनेमातही प्रश्न एका माणसाच्या दुःखाचा नव्हता, गावाचा होता, आणि गाव काही दोन तासांत बरं होत नाही. आपल्याकडे शिवाजी साटमांचा ‘सीआयडी’ 1998 पासून वीस वर्षं सलग चालला, त्याचंही मला हेच गमक वाटतं. माणसं येत-जात राहिली, ब्युरो राहिला.

म्हणजे मालिका करताना विचारायचा प्रश्न "हे पात्र लोकप्रिय आहे का" असा नाहीच. प्रश्न असा की दुखणं कोणाचं आहे? गावाचं असेल तर शंभर भाग काढा. एका माणसाचं असेल तर त्याला कधीतरी बरं होऊ द्यावं लागेल, आणि ते झाल्यावर दुकान बंद करायची तयारी हवी. ‘लीथल वेपन’वाल्यांनी पहिल्या सीझनच्या अठरा भागांवर थांबायचं ठरवलं असतं तर आज आपण त्या मालिकेचं नाव आदराने घेतलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण ऑर्डर 22 भागांची आली. ऑर्डर आल्यावर कोण थांबतं?

आता काकांचं राहिलं.

त्या बिलिंग सिस्टिमचा नाईट सपोर्ट आम्ही एक वर्ष करायचा असं ठरलं होतं. तीन वर्षं केला. कारण तो फक्त आम्हा दोघांना येत होता, आणि नीट चालला होता. नीट चाललेल्या गोष्टीला कोण हात लावतो? काकांनी दोनदा दिवसपाळी मागितली. साखर वाढली होती, डॉक्टरांनी जागरणं बंद करायला सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाले, पुढच्या क्वार्टरला बघू. एका पहाटे, साडेचारला, काका खुर्चीवरच घामाने भिजले आणि त्यांचा शब्द शब्दाला लागेना. साखर उतरली होती. कँटीनवाल्या पोऱ्याने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. मला त्यांच्या आजाराबद्दल काहीच माहीत नव्हतं. तीन वर्षं शेजारी बसून! त्यानंतर ते परत आले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर दुसरा मुलगा बसवला, हुशार होता बिचारा. पण चार महिन्यांत मीही सोडून गेलो.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळंच आहे. आता मी स्वतः टीम चालवतो. माझ्या टीममध्ये एक मुलगी गेले आठ महिने एका जुन्या सिस्टिमचा ऑन-कॉल एकटी सांभाळतेय, कारण ती तिलाच येते आणि नीट चालली आहे. तिने गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा विचारलं, मला यातून कधी मोकळं करणार? मी काय उत्तर दिलं असेल?

"पुढच्या क्वार्टरला बघू."

शेवटचा भाग बघताना, वेयन्सच्या चेहऱ्यावरचा थकवा बघताना, मला माझंच हे वाक्य ऐकू आलं. काल रात्री काकांना फोन केला. आता निवृत्त आहेत, तब्येत सांभाळून आहेत. सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "अरे, तुला तेव्हा व्हीसीडी दिली ती तू रिग्ज होतास म्हणून. आता मर्टॉ झालायस ना? मग दार उघड की."

सोमवारी सकाळी पहिलं काम ते. सिस्टिमला चार दिवस त्रास होईल, वरून दोन मेल येतील. येऊ देत.

असो. चहा गार झाला असेल.